अँझॅक डे, गॅलिपोली आणि ऑस्ट्रेलियाची युद्धस्मृती : कुणाचं नाव लिहिलं जातं?

यारा_काठी
२५ एप्रिल जवळ आला की इथल्या मराठी ग्रुपांवर दरवर्षी कुणीतरी नवीन आलेलं हमखास विचारतं, की हे लोक हरलेल्या लढाईचा दिवस एवढा मनापासून का पाळतात? म्हटलं एकदा सविस्तर धागाच काढू, म्हणजे पुढच्या वर्षी लिंक फेकता येईल.

तर थोडक्यात. २५ एप्रिल १९१५ला पहाटे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची फौज, म्हणजेच अँझॅक, तुर्कस्तानात गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरली. दार्दानेल्सची सामुद्रधुनी ताब्यात घ्यायची, इस्तंबूल गाठायचं, तुर्कस्तानला युद्धातून बाहेर काढायचं असा लंडनचा प्लॅन. प्रत्यक्षात समोर उभे कडे, वर तुर्क बसलेले, आणि पहिल्या दिवशी जेवढं पुढे गेले त्याच्या फार पुढे आठ महिन्यांत कधी जाता आलं नाही. डिसेंबरात गुपचूप माघार घेतली. सगळ्या मोहिमेत नीट जमलेली गोष्ट म्हणाल तर ती माघारच. ऑस्ट्रेलियाचे ८ हजारांवर मेले, न्यूझीलंडचे अडीच हजारांवर. ब्रिटिशांचे याच्या कितीतरी जास्त आणि तुर्कांचे ८० हजारांच्या वर. हा शेवटचा आकडा इथल्या शाळकरी पोरांना विचारा, बहुतेकांना माहीत नसतो.

पण मग गॅलिपोलीच का? पुढे फ्रान्समध्ये याहून भयंकर झालंय की. १९-२० जुलै १९१६ला फ्रोमेलला एका रात्रीत साडेपाच हजार ऑस्ट्रेलियन मेले, जखमी झाले नाहीतर पकडले गेले. माझ्या मते "पहिली वेळ" हा मुद्दा आहेच, १९०१ला देश झाला आणि देश म्हणून पहिली मोठी लढाई ही. पण त्यापेक्षा मोठी गोष्ट अशी की प्रेतं परत आणायची नाहीत असा साम्राज्याचा नियम होता. ५० लाखांपेक्षा कमी वस्तीचा देश, त्यातून चार लाखांवर माणसं भरती झाली, तीही सगळी स्वखुशीने (सक्तीच्या भरतीवर १९१६ आणि १९१७ला दोनदा जनमत घेतलं, दोन्ही वेळा लोकांनी नाही म्हटलं), आणि ६० हजार मेली. त्यातलं जवळपास एकही घरी आलं नाही. आईबापांनी बोटीने कित्येक आठवडे प्रवास करून कबर बघायला जायचं तर तेवढे पैसे कुणाकडे होते?

म्हणून इथे कुठल्याही आडगावात जा, चार दुकानं आणि एक पब असलेल्या गावात सुद्धा एक स्मारक असतंच. डोकं खाली घातलेला दगडी सैनिक, हातात उलटी धरलेली बंदूक, आणि खाली नावं. बऱ्याच ठिकाणी नुसती मेलेल्यांची नाही, जाऊन परत आलेल्यांचीही, कारण जो गेला तो स्वतःहून गेला होता. गावाला ती कबरच होती. एकाच आडनावाची तीन-तीन नावं एकाखाली एक दिसतात तेव्हा हिशोब आपोआप कळतो.

कॅनबेराच्या वॉर मेमोरियलमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर आहे. ब्राँझच्या पाट्यांवर १ लाखावर नावं, आणि कुणाच्याही नावापुढे हुद्दा नाही. जनरल नाही, शिपाई नाही, फक्त आडनाव आणि आद्याक्षरं. लोक पाट्यांच्या फटीत कागदी लाल पॉपी खोचून जातात. रोज संध्याकाळी बंद करताना त्यातल्या एकाची गोष्ट वाचून दाखवतात, बिगुल वाजतो, मग दारं लागतात. हे रोज बरं का, २५ एप्रिलपुरतं नाही.

अजून खूप लिहायचंय, पण आधी तुम्ही लिहा.

मेथांबा
मस्त धागा, वाचतेय. एक बाळबोध शंका, ती अँझॅक बिस्किटं खरंच सैनिकांना पाठवायचे का? पोरीच्या शाळेत "कुकी" म्हणायचं नाही अशी ताकीद आलीय 😀

यारा_काठी
@मेथांबा, ओट्स, खोबरं, गोल्डन सिरप, अंडं नाही म्हणून टिकतात. घरच्यांनी पाठवली असतील थोडीफार, पण खंदकात जे मिळायचं ते दगडासारखं कडक बिस्किट, दात मोडायचे म्हणून पाण्यात भिजवून किंवा कुटून लापशी करून खायचे. कुकीचं म्हणाल तर तो नुसता शाळेचा चोचलेपणा नाही, "अँझॅक" हा शब्द धंद्यासाठी वापरायला इथे कायद्याने परवानगी लागते, बिस्किटाला सूट आहे ती पारंपरिक कृतीच्या जवळ राहिलात आणि बिस्किटच म्हणालात तर.

तर्कटपंजरी
मला हे सगळं जरा गोग्गोड वाटतंय. दुसऱ्याच्या देशावर चाल करून गेले, तिसऱ्याच्या साम्राज्यासाठी, आणि आता शंभर वर्षांनी त्यालाच "राष्ट्राचा जन्म" म्हणायचं? तुर्क आपल्या घरात लढत होते. त्यांच्या बाजूने बघा ना कधीतरी. आणि ते अतातुर्कचं, म्हणजे तुर्कांच्या मुस्तफा केमालचं वाक्य, की आता जॉनी (तुमचा शिपाई) आणि मेहमत (आमचा) यात आम्हाला फरक नाही, तुमची पोरं आमचीही पोरं झाली वगैरे, ते दर भाषणात वापरून वापरून गुळगुळीत झालंय.

यारा_काठी
@तर्कटपंजरी, अर्धं मान्य. तुर्क १८ मार्च पाळतात, त्या दिवशी १९१५ला ब्रिटिश-फ्रेंच आरमाराला त्यांनी सामुद्रधुनीतून परत लावलं. त्यांच्यासाठी चनाक्कले हा विजय आहे आणि मुस्तफा केमालचं नाव तिथेच झालं.

अतातुर्कच्या वाक्याबद्दल तर तुम्ही समजताय त्याहून मजा आहे. ते १९३४चं म्हणून सांगतात, पण त्याने ते तसंच म्हटल्याचा त्या काळातला पक्का पुरावा इतिहासकारांना मिळालेला नाही. जॉनी-मेहमत तर त्याहून संशयास्पद. १९८५ला तुर्कस्तानने त्या किनाऱ्याला अधिकृतपणे अँझॅक कोव्ह नाव दिलं, त्या सुमारास ते तिथल्या दगडावर कोरलं गेलं आणि कॅनबेरातही आलं. म्हणजे अतातुर्कचं असो नसो, दोन देशांना ८०च्या दशकात ते हवं होतं. मला त्यात वाईट वाटत नाही, पण भाषणात "अतातुर्क म्हणाला" असं ठोकून सांगतात तेव्हा कान टवकारतात.

गोग्गोड म्हणालात म्हणून एक सांगतो. कबरीच्या दगडावर घरच्यांना ६६ अक्षरांपर्यंत मजकूर देता यायचा, अक्षरामागे साडेतीन पेनी मागायचे. बहुतेकांनी बायबलमधलं, देशासाठी वगैरे लिहिलं. पण एका घराने लिहिलंय ते साधारण असं, की आणखी एक जीव गेला, काळजं मोडली, कशासाठी? सरकारी कबरस्तानात, सरकारी दगडावर. म्हणजे तुमचा प्रश्न तेव्हाच विचारून झालाय, आणि ज्यांनी विचारायला हवा होता त्यांनीच विचारलाय.

सुभेदार_साताऱ्याचे
नमस्कार मंडळी. एक गोष्ट राहून गेली ती घालतो. अँझॅकच्या किनाऱ्यावर २५ एप्रिललाच भारतीय पण उतरले होते. कोहाट आणि जेकब्स या दोन माउंटन बॅटऱ्या, म्हणजे खेचरावर सुटे भाग लादून न्यायच्या तोफा, वर नेऊन जोडायच्या आणि मारा करायचा. सुरवातीला त्या कड्यांवर ऑस्ट्रेलियनांच्या मदतीला जवळपास याच तोफा होत्या. शिवाय मागून खेचरांचा तांडा, पाणी, दारुगोळा, रेशन सगळं त्यांच्या पाठीवर. ज्याने डोंगरात पोस्टिंग केलंय त्याला कळेल, पाणी वर पोचलं नाही तर शूर बिर सगळं राहतं बाजूला. केप हेलेसच्या बाजूला, म्हणजे गॅलिपोलीच्या दक्षिण टोकाला, १४ सिख ही पलटण आणि गुरखे. ४ जून १९१५ला क्रिथियाच्या तिसऱ्या हल्ल्यात १४ सिख पलटणीचे एका दिवसात सुमारे तीन-चतुर्थांश जवान पडले. सगळे मिळून १५-१६ हजार भारतीय त्या मोहिमेत होते असा अंदाज आहे.

आणि तो त्यांचा लाडका सिम्प्सन, गाढवावर जखमी लादून आणणारा, ज्याचा पुतळा मेमोरियलबाहेर आहे. हा गडी आपल्या युनिटमध्ये राहायचाच नाही, भारतीय तोफखान्याच्या लोकांत राहायचा, त्यांच्यातच जेवायचा. ते त्याला बहादूर म्हणायचे असं सांगतात. जेमतेम साडेतीन आठवडे टिकला, १९ मेला गेला. गोष्टीत गाढव राहिलं, चपाती देणारे गेले.

मेथांबा
शेवटचं वाक्य 🙏

बोरूबहाद्दर
आपल्याकडे असं काही का नाही? आपण कृतघ्न लोक आहोत, ७० वर्षं कुणी काही केलं नाही...

सुभेदार_साताऱ्याचे
@बोरूबहाद्दर, राजकारण दुसऱ्या धाग्यावर न्या ही विनंती. आणि काही नाही असं नाही. आमच्याकडे अपशिंगे मिलिटरी नावाचं गावच आहे, तिथे पहिल्या महायुद्धाची आठवण घरोघर आहे. कोकणात, साताऱ्यात गावोगाव जुन्या चावडीवर, शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी दिसते, की या गावातून १९१४-१९च्या युद्धात इतके गेले, त्यातले इतके मेले. पण बघा, पाटीवर आकडे असतात. नाव नाही.

अंजनवेल
कॅनबेरात राहते, मेमोरियल घरापासून जवळ, पाहुणे आले की नेतेच. धाग्यात अजून कुणी हात घातला नाही तो विषय काढते.

त्या १ लाख नावांच्या भिंतीवर ऑस्ट्रेलियाच्या मातीवर गोऱ्यांशी लढून मेलेला एकही आदिवासी नाही. १७८८ पासून जवळपास १४० वर्षं इथे जमिनीसाठी मारामाऱ्या चालू होत्या, त्याला आता फ्रंटियर वॉर्स म्हणतात, पण मेमोरियलची भूमिका अनेक वर्षं अशी होती की आमचं काम परदेशात लढलेल्या ऑस्ट्रेलियन सैन्याचं. २०२२ला जास्त जागा देऊ म्हणाले तर त्यावरून केवढा गदारोळ. दुसरीकडे इमारत वाढवायला ५० कोटी डॉलर मिळाले, त्यासाठी बक्षीसपात्र अँझॅक हॉल पाडला आणि मोठी विमानं-चिलखती गाड्या ठेवायला जागा केली. मी काही शांततावादी वगैरे नाही, पण जागा नाही हे कारण मग पटत नाही.

एकच उदाहरण देते. १९२८ला नॉर्दर्न टेरिटरीत कॉनिस्टनला एका गोऱ्या माणसाच्या खुनाचा बदला म्हणून पोलिस पार्टीने आठवडेच्या आठवडे फिरून वॉलपिरी आणि आजूबाजूचे लोक गोळ्या घालून मारले. सरकारी आकडा ३१, लोक त्याच्या कितीतरी पट सांगतात. चौकशीत सगळे निर्दोष. त्या पार्टीचा प्रमुख कॉन्स्टेबल गॅलिपोलीला लढून आलेला होता! यांचं पुस्तकी विभाजन, की हे युद्ध आणि ते युद्ध नाही, ते एकाच माणसाच्या अंगावर कोसळतं.

आणि जे आदिवासी सैन्यात गेले, पहिल्या युद्धात हजाराच्या आसपास, त्यातल्या कित्येकांना आधी "पुरेसे युरोपियन नाही" म्हणून परत पाठवलेलं. लढून आल्यावर इतर सैनिकांना शेतीला जमिनी वाटल्या, यांच्यातल्या बहुतेकांना नाही. खंदकात बरोबरीने, गावच्या पबमध्ये बंदी. २०१९ला त्यांचं वेगळं स्मारक मेमोरियलच्या आवारात उभं राहिलं, तेही छान आहे, जाऊन बघा.

तर्कटपंजरी
@अंजनवेल, हे कॉनिस्टनचं माहीत नव्हतं. बापरे.

निंबोणी
मी सिडनीत हॉस्पिटलात आहे, वयस्कर लोकांच्या विभागात, त्यामुळे व्हिएतनामवाले बरेच भेटतात. पेशंटच्या गोष्टी इथे लिहिणार नाही, पण एकूण चित्र सांगते कारण अँझॅक डेच्या झगमगाटात हे विसरलं जातं.

व्हिएतनामला सक्तीची भरती होती आणि ती चिठ्ठ्या टाकून. म्हणजे खरंच, २० वर्षांच्या मुलांच्या जन्मतारखा लाकडी गोळ्यांवर, गोल पिंपात घालून फिरवायच्या आणि काढायच्या. तुमची तारीख आली की तुम्ही गेलात. १९६५ ते ७२ मध्ये ६३ हजारांवर मुलं अशी उचलली, त्यातली १५ हजारांवर व्हिएतनामला गेली. एकंदर ६० हजार ऑस्ट्रेलियन गेले, ५००च्या वर मेले. परत आले तर देशात युद्धाविरुद्ध मोर्चे, आणि ज्या आरएसएल (माजी सैनिकांच्या संघटनेच्या) क्लबात सैनिकांनी हक्काने जायचं तिथे काही म्हातारे म्हणाले की तुमचं ते काय खरं युद्ध नव्हे. अनेकांनी कित्येक वर्षं मेडल कपाटात ठेवली. "वेलकम होम" संचलन झालं ३ ऑक्टोबर १९८७ला. शेवटची तुकडी येऊन चौदा-पंधरा वर्षं झालेली, आणि वेलकम होम!! ८०च्या दशकात तर अँझॅक डेच्या पहाटेच्या सभांना गर्दी घटत चाललेली, हा दिवस आपोआप संपेल असं लोक बोलायचे. मग ९०च्या दशकात नातवंड-पतवंडांची पिढी आली आणि सगळं परत उभं राहिलं. म्हणजे ही परंपरा १९१५ पासून अखंड चालत आलीय असं जे वाटतं तसं नाहीये.

आत्ताचं अजून कठीण आहे. अफगाणिस्तानबद्दलचा ब्रेरेटन अहवाल २०२०च्या नोव्हेंबरात आला, त्यात ऑस्ट्रेलियन स्पेशल फोर्सेसनी ३९ लोकांची बेकायदा हत्या केल्याची विश्वासार्ह माहिती आहे असं नोंदवलंय. आणि सैनिकांच्या आत्महत्यांवर रॉयल कमिशन बसलं, त्यांनी २०२४ला अंतिम अहवाल दिला. १९९७ ते २०२१ मध्ये किमान १,६७७ आजी-माजी सैनिकांनी जीव दिला. त्याच काळात लढाईत मेलेल्यांच्या कितीतरी पट. मेमोरियलच्या भिंतीवर नाव यायचे नियम ठरलेले आहेत, घरी येऊन वर्षांनी गेलेला माणूस सहसा त्यात बसत नाही. कॅनबेरात आता त्यांच्यासाठी वेगळं शिल्प उभारलंय, पण त्यावर नावं नाहीत.

यारा_काठी
@निंबोणी, तो गर्दी घटण्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे, धाग्यात वर घ्यायला हवा होता. आणि मला वाटतं गर्दी परत येण्यात एक भाग कागदांचा आहे. पहिल्या युद्धात गेलेल्या प्रत्येकाची सर्व्हिस फाइल नॅशनल आर्काइव्हजने स्कॅन करून फुकट ऑनलाइन ठेवलीय. उंची, छातीचा घेर, डोळ्यांचा रंग, किती वेळा दारू पिऊन गैरहजर राहिला, आईने लिहिलेली पत्रं, सगळं. त्या बरोबरीने रेड क्रॉसच्या फायली. माजी पंतप्रधान आल्फ्रेड डीकिन यांची मुलगी व्हेरा डीकिन हिने १९१५ला कैरोत रेड क्रॉसचा चौकशी ब्यूरो काढला, तेव्हा ती ऐन तेविशीत. घरचे लिहायचे की सरकारने नुसतं "बेपत्ता" कळवलंय, काय झालं ते सांगा. मग हिची माणसं इस्पितळांतून त्याच्या पलटणीतले जखमी शोधून विचारायची, तू त्याला शेवटचं कुठे पाहिलंस? उत्तरं जशीच्या तशी टाइप केलेली आहेत. एक म्हणतो माझ्या शेजारीच पडला, दुसरा म्हणतो छे मी त्याला नंतर चालताना पाहिला, तिसरा म्हणतो तो उंच होता का बुटका? वाचायला बसलं की रात्र जाते.

खडकीकर
उशीरा येतोय, पण महाराष्ट्राचा सरळ धागा आहे तो कुणी काढला नाही म्हणून.

पहिल्या युद्धात पाचशेच्या वर ऑस्ट्रेलियन आर्मी नर्सेस भारतात होत्या. मेसोपोटेमियातून, म्हणजे आत्ताच्या इराकमधून, जखमी आणि आजारी बोटीने मुंबईला यायचे. कुलाब्याची वॉर हॉस्पिटलं, पुणे, आणि देवळालीला मोठं हॉस्पिटल, तिथे या मुली. मुंबईच्या ऑगस्टात, वॉर्डभर उष्माघात, हगवण आणि कॉलरा. १९१६च्या ऑगस्टमध्ये त्यांच्यातल्या दोघी मुंबईतच कॉलऱ्याने गेल्या. गॅलिपोलीच्या दंतकथेत यांना जागा नाही, कारण ना खंदक ना हल्ला, नुसतं ड्यूटीवर जाणं. घरी लिहिलेल्या पत्रांत कुरकूर असायची म्हणे, की आम्हाला फ्रान्सला जायचं होतं आणि इथे पाठवलं.

आणि त्या मेसोपोटेमियात आधी लढायला कोण गेले होते? पूना डिव्हिजन! १०३, ११०, ११७ मराठा, तिघी पलटणी तिथल्या कुत गावाच्या वेढ्यात होत्या. २९ एप्रिल १९१६ला उपाशीपोटी शरणागती. म्हणजे गॅलिपोलीच्या पहिल्या वर्षदिनानंतर बरोब्बर चार दिवसांनी, त्याच तुर्कांसमोर. आपल्याकडे ती तारीख कुणाला माहितीय?

सुभेदार_साताऱ्याचे
खडकीकरसाहेब, कुतचं काढलंत ते बरं केलंत. आता धागाकर्त्यांनी वर लिहिलं की कॅनबेराच्या भिंतीवर हुद्दा नाही, सगळे सारखे. त्याच्या शेजारी बसराचं स्मारक ठेवा. मेसोपोटेमियात मेलेल्यांसाठी त्याच साम्राज्याच्या वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने, म्हणजे सैनिकांच्या कबरी सांभाळणाऱ्या संस्थेने बांधलं. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावं, भारतीय अधिकाऱ्यांची नावं, आणि भारतीय शिपायांचा पलटणीवार फक्त आकडा. एक पाटी, अमुक पलटण, आणि इतर इतके. साताऱ्या-रत्नागिरीची पोरं त्या "इतर"मध्ये आहेत. २०२१ला कमिशनने स्वतः अहवाल काढून कबूल केलं की किमान १ लाख १६ हजार माणसांची, त्यातले बहुतेक पूर्व आफ्रिका आणि इजिप्तचे, नावाने नोंदच केली गेली नाही, आणि माफी मागितली. शंभर वर्षं लागली.

मी रागाने नाही लिहीत. ऑस्ट्रेलियनांनी हट्टाने नावं लिहून घेतली याचं कौतुकच आहे, त्यांचे लोक मागे लागले म्हणून झालं. आमच्या आज्यांना अर्ज कुणाला करायचा तेच माहीत नव्हतं.

तर्कटपंजरी
ओके, या धाग्यावर मी आलो भांडायला आणि राहिलो वाचायला. माझ्याकडून एक भर. दुसऱ्या युद्धात सिंगापूर पडलं १५ फेब्रुवारी १९४२ला, त्यात सुमारे १५ हजार ऑस्ट्रेलियन कैद झाले आणि ४० हजारांवर भारतीय. ऑस्ट्रेलियन कैद्यांची कहाणी, चांगीची छावणी, कैद्यांकडून बांधून घेतलेली बर्मा रेल्वे, कैद्यांना सांभाळणारे डॉक्टर वेअरी डनलॉप, हे इथे पोरासोरांना पाठ आहे. आपण ते आझाद हिंद फौजेच्या बाजूने आठवतो. पण जे भारतीय फौजेत गेले नाहीत त्यातल्या हजारो जणांना जपान्यांनी मजुरीला न्यू गिनीत नेलं, तिथे उपासमारीने आणि मारहाणीने बहुतेक संपले. १९४५ला त्यातल्या मूठभरांना सोडवलं ते ऑस्ट्रेलियन सैन्याने. त्यातले एक अधिकारी चिंत सिंग, यांना युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात साक्षीसाठी मागे ठेवलं, आणि बरोबरचे दहा जण घरी निघाले ते विमान अपघातात गेले. तीन वर्षं जपान्यांकडून वाचून!

यांना ना आपल्या गोष्टीत जागा ना त्यांच्या.

अंजनवेल
इथल्या संचलनात भारतीय माजी सैनिक चालतात अँझॅक डेला, पगड्या आणि मेडल घालून, टाळ्या चांगल्या मिळतात. आजोबांची मेडल घालून वंशजही चालू शकतात, फक्त ती उजव्या बाजूला लावायची, डावी बाजू स्वतः मिळवलेल्यांची. कुणाच्या घरी पेटीत पडली असतील तर विचार करा.

मेथांबा
आमच्या पणजोबांचे भाऊ "बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत" एवढंच घरात माहीत आहे. नाव सखाराम, गाव पाटणजवळ. इथे लिहिण्यासारखं काहीच नाही माझ्याकडे, पण शोधायचं तर कुठून सुरवात करू? पलटण माहीत नाही.

सुभेदार_साताऱ्याचे
@मेथांबा ताई, कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्जच्या साइटवर जा. भिंतीवर नसली तरी पलटणींच्या नोंदवह्यांतली बरीच शिपायांची नावं आता तिथे चढवलीयत. आडनाव टाकू नका, बहुतेक नोंदीत आडनाव नसतंच, नाव आडनावाच्या रकान्यात असतं. देश इराक, स्मारक बसरा, सैन्य इंडियन, आणि "सखाराम" दोन-तीन स्पेलिंगने, एकदा मधला "आ" काढून बघा. मग जास्तीच्या माहितीत बापाचं नाव, गाव, तालुका, सातारा, बॉम्बे असं असेल, तेही कारकुनाने जसं ऐकलं तसं. पाटणच्या स्पेलिंगचे चार प्रकार मी स्वतः बघितलेत. सखाराम भरपूर निघतील, तेव्हा आधी घरात विचारून पणजोबांच्या वडिलांचं नाव पक्कं करा, त्याशिवाय काही कळणार नाही. मराठा पलटणी आधी बघा, मग मजूर आणि खेचर कोअर पण बघा, तिकडे पण आपले खूप होते. अडलं तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

मेथांबा
आत्याला फोन लावलाय. तिला माहीत असणार.